किमान वेतन कोणाच्या खिशातून?

पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते आणि १ ऑगस्टपासून ट्रॉलर समुद्रात जायला मोकळे होतात. परंतु गेली काही वर्षे मालिम आणि कुटबण येथील धक्क्यांवर या दिवसांत एक चमत्कारिक दृश्य दिसू लागले आहे. ट्रॉलर डागडुजी होऊन, रंग लावून, जाळी विणून सज्ज उभे असतात; पण त्यांच्यावर चढायला खलाशी नसतात. झारखंड, ओडिशा, छत्तीसगड येथे गेलेले कामगार परतण्याची वाट पाहत मालक मंडळी एकेक दिवस मोजीत बसतात. आणि याच गोव्यात केंद्र सरकारच्या श्रमबळ पाहणीने २०२२-२३ साली बेकारीचे जे प्रमाण नोंदविले ते देशाच्या सरासरीच्या जवळजवळ तिप्पट होते. दरडोई उत्पन्नात देशाच्या अगदी वरच्या पायरीवर बसलेले राज्य, कामाला माणूस नाही म्हणून रडणारे मालक, आणि काम नाही म्हणून घरी बसलेली पदवीधर मुले, ही तिन्ही चित्रे एकाच छोट्याशा प्रदेशातली आहेत. ती एकमेकांशेजारी मांडली म्हणजे मधला दुवा कोणता हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. तो दुवा मजुरीचा आहे.

या प्रश्नाला आता नव्याने तोंड फुटण्याचे कारण म्हणजे २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या चार श्रमसंहिता. त्यांतील वेतनसंहिता संसदेने २०१९ सालीच संमत केली होती. ती सहा वर्षे कपाटात पडून राहिली. १९४८ चा किमान वेतन कायदा आता तिच्यात विलीन झाला आहे. जुन्या कायद्याचे संरक्षण केवळ अनुसूचीत नोंदलेल्या धंद्यांनाच मिळत असे. नव्या संहितेने ते सर्व कामगारांना लागू केले. दुसरी महत्त्वाची गोष्ट अशी की, केंद्र सरकारने ठरवावयाच्या तळवेतनाला प्रथमच कायद्याचा आधार मिळाला. त्या तळाच्या खाली कोणत्याही राज्याला जाता येणार नाही. आजवर राष्ट्रीय तळवेतन म्हणून जो आकडा जाहीर होई तो केवळ सल्लावजा असे. २०१७ साली तो दिवसाला १७६ रुपये होता. दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, तो १७८ करण्यात आला. दोन वर्षांत दोन रुपये! त्याच सुमारास सरकारनेच नेमलेल्या डॉ. अनुप सत्पथी यांच्या समितीने दिवसाला ३७५ रुपयांची शिफारस केली होती. ती शिफारस बाजूला ठेवून दोन रुपयांची ओंजळ भरताना संबंधितांचा हात थरथरला नसेल, असे मानण्यास जागा आहे.

नवी संहिता आली, त्याबरोबर अपेक्षेप्रमाणे दोन्ही बाजूंची पत्रके निघू लागतील. कामगार संघटना म्हणतील, मागू तेवढे वेतन आजच्या आज द्या. उद्योजकांच्या संस्था म्हणतील, वेतन वाढविल्यास कारखाने गोवा सोडून जातील. ही दोन्ही पत्रके आम्ही इतक्या वेळा छापली आहेत की तारीख बदलली तरी मजकूर तोच ठेवता येईल. दोहोंतही थोडे सत्य आहे, आणि दोहोंतही एका तिसऱ्या पक्षाचे नाव टाळलेले असते. त्या तिसऱ्या पक्षाकडे आम्ही पुढे वळणार आहोत. आधी किमान वेतन म्हणजे नेमके काय, हे वाचकांसमोर ठेवले पाहिजे, कारण त्यावरच बरेच गैरसमज आधारलेले आहेत.

किमान वेतन ही कोणाची मेहेरबानी नव्हे आणि हवेतून काढलेला आकडाही नव्हे. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रमपरिषदेत सरकार, मालक व कामगार या तिघांनी एकमताने त्याचा हिशोब घालून दिला. कमावत्या माणसामागे तीन उपभोग घटक धरावेत: तो स्वतः एक, पत्नी ०.८ आणि दोन मुले प्रत्येकी ०.६. प्रत्येक घटकाला दिवसाला २,७०० उष्मांक मिळतील एवढे अन्न, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, सरकारी औद्योगिक घरयोजनेच्या दराने भाडे, आणि जळण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपण यांसाठी २५ टक्क्यांची भर घातली. हिशोब असा आहे. तो वाचताना चैनीचा एकही पदार्थ डोळ्यांसमोर येत नाही. उलट जे नाही तेच आधी जाणवते. या तीन घटकांत म्हातारे आईबाप कोठेच नाहीत. पत्नीला पतीपेक्षा कमी भूक लागते असे गृहीत धरलेले आहे. ती रोपणीला किंवा काजूच्या कारखान्यात राबत असली तरी! सत्पथी समितीने घटकांची संख्या ३.६ करावी असे सुचविले होते, ते उगाच नव्हे.

भाड्याची गोष्ट तर गोव्यात विनोदाच्याच पंक्तीला बसेल. संहितेच्या नियमांचा जो मसुदा २०२० साली प्रसिद्ध झाला त्यात घरभाडे हे अन्न व कापड यांवरील खर्चाच्या दहा टक्के धरले होते. एखाद्या कुटुंबाचा हा खर्च महिन्याला बारा हजार धरला तर भाडे येते बाराशे रुपये. बाराशे रुपयांत झुआरीनगरच्या किंवा चिंबलच्या दाटीत पत्र्याखालची एक खोली मिळवून दाखवावी, असे आम्ही हा नियम लिहिणाऱ्यांना सांगू इच्छितो. किनारपट्टीचे तर नावच नको. तेथे ज्या खोल्या पूर्वी नोकरमाणसांना मिळत त्या आता पर्यटकांना रात्रीच्या दराने दिल्या जातात. म्हणजे ज्या धंद्यासाठी कामगार हवा, तोच धंदा त्याचे घर महाग करतो, आणि वेतन ठरविताना मात्र त्या घराचा विचार एखाद्या दुर्गम खेड्यातल्याप्रमाणे केला जातो.

आता दुसरी बाजू. वेतनवाढीला विरोध करणारा प्रत्येक मालक रक्तपिपासू असतो, असे मानणाऱ्यांत आम्ही नाही. कुंडई, बेतोडे किंवा थिवी येथील औद्योगिक वसाहतींत आठ-दहा माणसे हाताशी धरून लेथ चालविणारा, खोके बनविणारा किंवा मोठ्या कारखान्याला सुटे भाग पुरविणारा जो छोटा उद्योजक आहे, त्याची स्थिती कित्येकदा त्याच्या फोरमनपेक्षा फारशी बरी नसते. बँकेचा हप्ता त्याच्या नावावर, घर गहाण त्याचे. ज्याला माल पुरवितो तो मोठा कारखाना दर वाढवून देत नाही, आणि दिलेल्या मालाचे पैसे चार-चार महिने अडवून ठेवतो. त्याला एका सकाळी राजपत्र दाखवून ‘उद्यापासून तीस टक्के जादा’ म्हटले, तर तो दोन माणसे कमी करणार किंवा त्यांची नावे हजेरीपटावरून उडविणार. हे वाईट आहे. पण ते होते, हे नाकारण्यात शहाणपणा नाही.

केरळचा अनुभव या बाबतीत उद्बोधक आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी उद्धृत केला जातो. केरळने काजू कामगारांचे वेतन वाढविले तेव्हा कित्येक कारखानदारांनी आपले काम सीमेपलीकडे तामिळनाडूत नेले. काजूचे बी पोत्यात भरून कोठेही नेता येते. सोलणाऱ्या बाईला तिचे घर सोडून जाता येत नाही. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला आणि केरळने तो लागू करण्याचे ठरविताच मंगळूरच्या मोठ्या विडी कारखानदारांनी १९६८ साली कण्णूरकडील आपले कामच बंद केले. बारा हजारांच्या आसपास माणसे रस्त्यावर आली. येथपर्यंतची कथा उद्योजकांच्या संस्था सांगतात. पुढची अशी की, १९६९ साली त्याच कामगारांनी सरकारी भागभांडवलाच्या आधाराने ‘दिनेश विडी’ ही सहकारी संस्था उभी केली, किमान वेतन आणि भरपगारी रजा देऊन तीच विडी वळली, आणि दोन दशके ती भरभराटीला आणली. चाळीस हजारांवर माणसे तिच्यात पोसली गेली. येथपर्यंतची कथा कामगार संघटना सांगतात. त्याही पुढची कथा कोणीच सांगत नाही. विडी ओढणारे कमी होत गेले, आणि ज्या राज्यांत कायद्याचे वेतन दिलेच जात नव्हते तेथील स्वस्त विडी बाजारात येत राहिली. त्या माऱ्यापुढे ही संस्था आक्रसली आणि तिला छत्र्या व खाद्यपदार्थांकडे वळावे लागले.

या तिन्ही टप्प्यांचा एकत्र विचार केला म्हणजे एक भेद स्पष्ट होतो, आणि आमच्या मते गोव्याच्या वेतनधोरणाचा पाया त्या भेदावर घातला गेला पाहिजे. काही धंदे उचलून नेता येतात, काही नेता येत नाहीत. काजूचा कारखाना सीमेपलीकडे जाऊ शकतो. कळंगुटचा किनारा सावंतवाडीला नेता येत नाही. पणजीच्या इमारतीचा पहारा बेळगावात बसून करता येत नाही. मडगावच्या बाजारातील दुकान, वेर्ण्याच्या कारखान्याची साफसफाई, पर्वरीच्या गगनचुंबी घरांचे गवंडीकाम, हॉटेलातील भांडी घासणे, ही सर्व कामे जेथल्या तेथेच करावी लागतात. आणि गोव्यातील अल्पवेतनी कामगारांचा फार मोठा भाग नेमका अशाच कामांत आहे. ‘वेतन वाढविले तर धंदा निघून जाईल’ ही धमकी या क्षेत्रांत पोकळ आहे. एका हॉटेलाला जो दर, तोच शेजारच्या हॉटेलाला. मग स्पर्धेत कोण कोणाला मागे टाकणार? खोलीच्या भाड्यात थोडी वाढ होईल. डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात हेच भाडे दुप्पट-तिप्पट करताना पर्यटक पळून जाईल ही भीती कोणाला वाटत नाही.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने एप्रिल १९९२ मध्ये किमान वेतन ताशी सव्वाचार डॉलरवरून ५.०५ डॉलर केले, तेव्हा डेव्हिड कार्ड व ॲलन क्रूगर या दोन अर्थतज्ज्ञांनी तेथील आणि शेजारच्या पेनसिल्व्हानियातील झटपट खाद्यगृहांची तुलना केली. वेतन वाढलेल्या राज्यात नोकऱ्या घटल्याचे त्यांना आढळले नाही. त्यावर पुष्कळ वाद झाला, अजूनही होतो. पण कार्ड यांना अशाच कामाबद्दल २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. खाद्यगृह हाही उचलून न नेता येणारा धंदा आहे, हे येथे लक्षात घ्यावे. त्यावरून काजूच्या कारखान्याबद्दल निष्कर्ष काढणे मात्र आम्हांला धाडसाचे वाटते.

कारण काजूची गोष्ट खरोखरच वेगळी आहे. गोव्याच्या काजूला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे अभिनंदन झाले, छायाचित्रे निघाली. परंतु बी फोडणाऱ्या स्त्रीच्या बोटांना टरफलातील तेल पूर्वीसारखेच पोळते. ती राख किंवा तेल हाताला चोळून बसते आणि मजुरी किलोवर, त्यातही अख्ख्या गरावर मोजली जाते. तुकडा पडला तर तिचा तोटा. तिचे वेतन वाढलेच पाहिजे. पण बाहेरचा स्वस्त गर ‘गोव्याचा काजू’ म्हणून बाजारात खपत असेल, तर तिच्या मालकाला तो भार उचलता येणार नाही आणि ती कामाला मुकेल. येथे वेतनवाढीबरोबर मानांकनाची कडक तपासणी, दुकानांतील भेसळीवर धाडी आणि यंत्रांसाठी साहाय्य हवे. वाढही टप्प्याटप्प्याने हवी. शिवाय अशा धंद्यांचे खरे संरक्षण दिल्लीत ठरणाऱ्या तळवेतनात आहे. सीमेपलीकडच्या तिन्ही जिल्ह्यांत, सिंधुदुर्गात, बेळगावात आणि कारवारकडे, मजुरीचा तळ जितका वर येईल तितका गोव्यातून कारखाना हलविण्याचा मोह कमी होईल. म्हणूनच तळवेतन भरीव असावे यासाठी गोवा सरकारने आणि, आश्चर्य वाटेल, गोव्याच्या उद्योजकांनीही आग्रह धरला पाहिजे. विडीच्या सहकारी संस्थेला हे संरक्षण मिळाले नाही, तेथेच तिचे बिनसले.

उद्योग बुडेल ही भीती गोव्याला नवी नाही. १९६४ साली कूळकायदा आला तेव्हा शेती ओस पडेल असे भाटकारांनी सांगितले होते. १९७५ साली मुंडकारांना संरक्षण मिळाले, तेव्हाही हाच आक्रोश झाला. काही शेते पुढे पडीक राहिली हे खरे आहे, आणि आम्ही ते लपविणार नाही. परंतु ती कुळाला हक्क मिळाला म्हणून नव्हे, तर बांधबंदिस्ती ढासळली, माणसे नोकरीकडे वळली आणि जमिनीला घरबांधणीचा भाव आला म्हणून. कूळकायदा आणणारे भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक होते. धनिकाला धनिकांची भाषा कळते, म्हणून कदाचित त्यांना त्या आक्रोशाचे फारसे दडपण आले नसावे.

आता त्या मुलांकडे वळू, जी घरी बसली आहेत असे म्हणतात. सांगे, केपे, सत्तरी येथील मुलाने पहाटे उठून दोन बसगाड्या बदलून वेर्ण्याला जावे, कंत्राटदाराच्या नावावर राबावे, अकरा महिन्यांनी घरी यावे, आणि पेट्रोल व जेवण वजा जाता हाती काय राहिले ते पाहावे. मग तो सरकारी नोकरीसाठी आमदाराच्या दारात उभा राहिला, तर त्याला आळशी म्हणण्याची घाई आम्ही करणार नाही. असाच मुलगा २०२० सालापर्यंत आईवडिलांच्या जन्मदाखल्यांवरून पोर्तुगीज पारपत्र मिळवून इंग्लंडात जाई, आणि तेव्हा तेथे गेलेला मुलगा स्विंडनच्या गोदामात रात्रपाळीला खोकी उचलतो. तेथे त्याची आळशीपणाची ख्याती नाही. एप्रिल २०२५ मध्ये त्या देशातील किमान वेतन ताशी १२.२१ पौंड झाले, आणि ते त्याला मिळते. मालकाने टाळले तर मागता येते. आमची मुले परदेशी कोणत्या वेतनावर जगतात? किमान वेतनावरच. फरक एवढाच की तेथे किमान या शब्दाला अर्थ आहे.

तो अर्थ तेथे कसा आला हेही पाहण्याजोगे आहे. ब्रिटनमध्ये सर्व धंद्यांना लागू होणारे राष्ट्रीय किमान वेतन १ एप्रिल १९९९ पासून सुरू झाले, ताशी ३.६० पौंडांनी. तेथेही आधी मोठा कोलाहल झाला होता. लाखो नोकऱ्या जाणार असे सांगितले जात होते. त्या गेल्या नाहीत. याचे श्रेय आम्ही तेथील अल्पवेतन आयोगाला देतो. त्यात नऊ सभासद असतात: तीन मालकांच्या बाजूचे, तीन कामगारांच्या बाजूचे आणि तीन स्वतंत्र अभ्यासक. आयोग दर वर्षी धंद्यांची पाहणी करतो, शिफारस करतो, अहवाल छापतो. नवा दर शरद ऋतूत जाहीर होतो आणि एप्रिलमध्ये लागू होतो. दुकानदाराला पाच-सहा महिने आधी कळते की पुढच्या वर्षी किती द्यावे लागेल. त्याप्रमाणे तो आपल्या मालाची किंमत आणि आपली कंत्राटे ठरवितो. सुरुवात बेताने झाली, पण वाढ थांबली नाही.

आमच्याकडे याच्या अगदी उलट चालते. १९४८ च्या कायद्याने पाच वर्षांच्या आत दरांचा फेरविचार करावयास सांगितले होते. अनेक राज्यांनी तो दंडक सर्रास मोडला. मूळ दर वर्षानुवर्षे तसाच ठेवायचा, महागाईभत्त्याच्या चिमूटभर भरीवर वेळ मारून न्यायची, आणि निवडणूक जवळ आली की एकदम मोठी उडी जाहीर करायची. या उडीने कामगाराच्या मागच्या वर्षांची भरपाई होत नाही आणि छोट्या मालकाचे मात्र कंबरडे मोडते. नव्या संहितेनेही पाच वर्षांचीच कमाल मुदत ठेवली आहे. ती कमाल मुदत आहे, मुहूर्त नव्हे. राज्याने दर वर्षी ठराविक महिन्यात फेरविचार करण्यास कोणताही कायदा आड येत नाही.

आणि आता तो तिसरा पक्ष. किमान वेतन न मिळणाऱ्यांचा शोध घेत गेले तर वाट कित्येकदा सरकारी कचेरीच्याच दारात संपते. झाडूवाले, पहारेकरी, इस्पितळातील सेवक, माहितीनोंदणी करणाऱ्या मुली, बागकामगार, ही सारी माणसे सरकारचे काम करतात, पण सरकारची नसतात. ती कंत्राटदाराची असतात. कंत्राट कोणाला मिळते? ज्याची निविदा सर्वांत कमी रकमेची असेल त्याला. येथे एक साधा हिशोब करून पाहू. केवळ उदाहरणादाखल दिवसाचा कायदेशीर दर ५०० रुपये धरला, तर २६ दिवसांचे १३ हजार. दहा झाडूवाल्यांचे १ लाख ३० हजार. भविष्यनिर्वाह निधी आणि राज्य विमा यांतील मालकाचा वाटा सुमारे सव्वासोळा टक्के, म्हणजे २१,१२५ रुपये. बेरीज १ लाख ५१ हजार १२५. यात झाडू नाही, बोनस नाही, रजेतील बदली माणूस नाही आणि कंत्राटदाराचा नफाही नाही. मग १ लाख ४० हजारांची निविदा मंजूर करणारा अधिकारी कशावर सही करतो? दहा माणसांचे वेतन कापले जाणार, या गोष्टीवर. त्याला बेरीज येत नसेल असे आम्ही मानीत नाही.

१९८२ साली दिल्लीतील आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणे ही घटनेच्या २३ व्या कलमाखालील वेठबिगारी होय. त्याच्याही आधी, १९५७ साली, याच न्यायालयाने म्हटले होते की ज्या उद्योगाला किमान वेतन देणे परवडत नाही त्याला चालू राहण्याचा हक्क नाही. हे बोल खाजगी मालकाला ऐकविताना सरकारचा आवाज खणखणीत असतो. त्याच सरकारच्या आवारात वेठबिगारी निविदा काढून केली जावी, हा प्रकार मुक्तीच्या चळवळीत ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांच्या कल्पनेत नव्हता.

छोट्या उद्योजकाची कोंडीही बऱ्याच अंशी येथेच होते. २००६ च्या लघुउद्योग कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे लागते. न केल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते. एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकराच्या कायद्यानेही अशी थकलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत खर्च म्हणून धरण्यास मनाई केली. पण ही करसवलत गमावण्याची भीती खाजगी कंपनीला. सरकारी खात्याला कसली? आणि आपल्या मोठ्या गिऱ्हाईकावर व्याजाचा दावा लावून पुढचे काम गमावण्याची हिंमत कोणता लघुउद्योजक करील? महामंडळे, नगरपालिका, बांधकाम खाते यांच्याकडे बिले अडकलेली असली म्हणजे पहिला पगार थकतो तो मजुराचा. वेतनवाढ परवडत नाही असे सांगणाऱ्या छोट्या मालकाला आमचे सांगणे आहे की त्याने मजुराशी भांडण्याऐवजी आपल्या बिलांची यादी घेऊन मंत्र्याच्या दारात बसावे. मजूरही त्याच्या शेजारी बसायला तयार होतील.

‘हे सारे परप्रांतीयांसाठीच ना?’ असा प्रश्न आम्हांला विचारला जाईल, म्हणून त्याचे उत्तर आधीच देतो. ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये कुटबण धक्क्यावर पटकीची साथ आली आणि काही खलाशी दगावले. ट्रॉलरवरच दाटीवाटीने राहणारी, शौचालय आणि पिण्याचे पाणी यांना मोताद झालेली ती माणसे होती. डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे येथील नाइट क्लबला आग लागून २५ जण मृत्युमुखी पडले. त्यांतील बहुतेक तेथील नोकर होते. कामासाठी दूरदूरच्या राज्यांतून आणि नेपाळातून आलेले. गोमंतकीय माणूस या नोकऱ्यांपासून दूर राहतो, याचे कारण त्याला काम नको असते असे नव्हे. अशा अटींवर राबायला तयार झालेला लाचार माणूस जोवर मिळतो, तोवर मालकाला अटी सुधारण्याची गरज वाटत नाही. परप्रांतीयाला पूर्ण वेतन देणे भाग पडले, म्हणजेच स्थानिकाला त्या नोकरीत जागा होते. ‘भायल्यां’च्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी हे गणित एकदा शांतपणे तपासून पाहावे. सिंधुदुर्गातून रोज दुचाकीवर येऊन संध्याकाळी घरी परतणाऱ्या आमच्याच भाषेच्या मुलांनाही तेच लागू आहे.

सरकारला गुंतवणूक हवी आहे, ती आम्हांलाही हवी आहे. खाणी २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली बंद पडल्या तेव्हा एकाच धंद्यावर विसंबलेल्या तालुक्यांची काय दशा झाली ते आम्ही पाहिले आहे. पण नव्या कारखान्याला जमीन स्वस्त, वीज स्वस्त, करांत सूट आणि त्यावर मजूरही स्वस्त, ही आमंत्रणाची रीत आता बदलावी. केंद्राने १ ऑगस्ट २०२५ पासून नव्या नेमणुकांसाठी मालकाला माणशी महिन्याला तीन हजारांपर्यंत साहाय्य देणारी योजना सुरू केली आहे. राज्याने तिला जोड द्यावी आणि यंत्रांवर खर्चिले जाणारे अनुदान काही वर्षे छोट्या कारखान्यांच्या भविष्यनिर्वाह निधीच्या वाट्याकडे वळवावे; अट एकच, की वेतन नव्या दराने बँकेतून दिले गेले पाहिजे. हॉटेले, बांधकामे, पहारा व साफसफाई यांचे दर मात्र पहिल्याच टप्प्यात भरीव वाढवावेत. तेथे सवलतीचे कारण आम्हांला दिसत नाही.

ब्रिटनप्रमाणे नऊ जणांचा आयोग नेमायला वेळ लागेल, समित्यांवर समित्या बसतील. तोवर मुख्यमंत्र्यांना एक काम पर्वरीत बसल्याबसल्या करता येण्यासारखे आहे. त्याला नवा कायदा लागत नाही, दिल्लीची परवानगी लागत नाही. प्रत्येक खात्याच्या निविदेत माणसांची संख्या, कायदेशीर वेतन आणि त्यावरील देणी यांची बेरीज आधीच छापावी. तिच्या एक रुपया खालची निविदाही उघडताक्षणी बाद करावी. आणि कंत्राटदाराचे बिल चुकते करण्यापूर्वी कामगारांच्या खात्यांत जमा झालेल्या पगाराचा बँकेचा दाखला मागावा. साफसफाई आणि पहाऱ्याची कंत्राटे वर्षभर कोठे ना कोठे निघतच असतात. पुढची निविदा ज्या खात्याची असेल, त्याच खात्यापासून सुरुवात करावी.